कापसाची एक काडी



संवत्सरीनंतर क्षमापनेसाठी जे फोन येतात, त्यांत यंदा एक फोन एका जुन्या व्यापारी स्नेह्यांचा होता. मी बँकेच्या सेवेत असताना त्यांच्या पेढीचे कॅश-क्रेडिट खाते माझ्या शाखेत होते. पुढे मी निवृत्त झालो, खात्याचा संबंध संपला, पण स्नेह टिकला. मिच्छामि दुक्कडम् झाले, घरच्यांची विचारपूस झाली आणि मग थोडे थांबून ते म्हणाले, "साहेब, घरात एक कागद आहे. तो दाखवावा की लपवावा, एवढे सांगा."

त्या कागदाची हकिगत अशी. त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला गेल्या होत्या. जाण्यापूर्वी दोन महिने त्या इकडे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर रुग्णालयात होत्या. इंग्लंडमध्ये जिन्यावर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. तेथील रुग्णालयात दाखल करताना विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत एक प्रश्न होता : गेल्या बारा महिन्यांत आपण परदेशातील एखाद्या रुग्णालयात राहिला होतात का? त्यांच्या दृष्टीने परदेश म्हणजे भारत. मुलीने प्रामाणिकपणे "हो" म्हटले. त्याबरोबर आईंना स्वतंत्र खोलीत हलवले गेले, दारावर सूचना लागली, परिचारिका एप्रन व हातमोजे घालून येऊ लागल्या आणि कापसाच्या काडीने शरीराचे नमुने घेण्यात आले. त्यात गुदद्वारातून घ्यावयाचा नमुनाही होता. सत्तरीच्या, मर्यादशील बाईंना ते किती जड गेले असेल, याची कल्पना करता येईल. "मुलगी फोनवर रडत होती," स्नेही म्हणाले. "आपल्या माणसांना तिथे विटाळ मानतात का हो?"

तपासणीत आईंच्या आतड्यात एक असा जिवाणू सापडला की ज्यावर बहुतेक प्रतिजैविके चालत नाहीत. त्यांना त्याचा काहीही त्रास नव्हता. हाडाची शस्त्रक्रिया नीट झाली, त्या परत आल्या. सोबत तो अहवालही आला. आता इकडे दुसऱ्या एका शस्त्रक्रियेसाठी त्यांना दाखल करावयाचे होते. कागद दाखवला तर रुग्णालय घेईल का, आणि नाही दाखवला तर कळणार कोणाला, असा स्नेह्यांचा प्रश्न होता.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली, परिचयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका डॉक्टरांना भेटलो आणि काही वाचन केले. आजचे हे टिपण त्याच उत्तरासाठी आहे, कारण हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो.

प्रथम एक भेद समजून घ्यावा. रोगी असणे आणि वाहक असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. आपल्या त्वचेवर, नाकात, आतड्यात असंख्य जिवाणू कायम वस्तीला असतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू साधारणपणे तीनपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात सापडतो आणि त्याचे काही बिघडत नाही. पण तोच जिवाणू शस्त्रक्रियेच्या जखमेत, शिरेत घातलेल्या नळीत किंवा मूत्रमार्गाच्या कॅथेटरमधून आत शिरला, तर रक्तापर्यंत पोहोचून प्राणावर बेततो. तो औषधांना दाद देणारा असेल तर डॉक्टरांच्या हाती उपाय असतो. दाद न देणारा असेल तर उपायांची यादी फारच आखूड होते. म्हणून वाहक कोण आहे, हे रुग्णालयाला आधी कळणे महत्त्वाचे. ते चेहऱ्यावरून कळत नाही, तापावरून कळत नाही. कापसाच्या काडीवरूनच कळते. नाक, जांघ, जखम किंवा गुदद्वार येथून नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत त्यातील जिवाणू वाढवून कोणते औषध त्यांना मारते हे पाहतात. त्यास एक-दोन दिवस लागतात. कोविडच्या काळात ज्या पीसीआर तपासणीचे नाव घरोघरी झाले, त्याच पद्धतीने काही तासांतही निदान होते, मात्र ते महाग पडते.

औषधांना दाद न देण्याचा इतिहास औषधांइतकाच जुना आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिन शोधले आणि १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच त्यांनी बजावले होते, की अपुऱ्या मात्रेत हे औषध घेतले तर जिवाणू त्याला सरावतील. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आले; १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकोकस इंग्लंडमध्ये नोंदला गेला. त्यालाच एमआरएसए म्हणतात. पुढे आतड्यातील जिवाणूंची पाळी आली. त्यांच्यासाठी राखून ठेवलेले कार्बापेनेम गटाचे औषध निष्फळ करणारे एक विकर २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या नमुन्यात सापडले. हा रुग्ण त्यापूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात राहिला होता; म्हणून संशोधकांनी त्या विकराच्या नावात 'न्यू डेल्ही' घातले आणि 'एनडीएम-१' ही संज्ञा रूढ झाली.

२०१० मध्ये भारतीय व ब्रिटिश संशोधकांचा यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडे मोठा संताप उसळला. आपल्या राजधानीचे नाव रोगाशी का जोडता, हा प्रश्न रास्त होता. पण नावावरील रोषात मूळ मुद्दा मागे पडता कामा नये. पुढच्याच वर्षी दिल्लीतील सार्वजनिक नळांचे ५० नमुने तपासले गेले; त्यांपैकी २ नमुन्यांत हे विकर घडवणारे जनुक आढळले आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडेही जाते, ही त्यातील अधिक गंभीर बाब. आपल्याच डॉक्टरांच्या संघटनांनी २०१२ मध्ये चेन्नईत एकत्र येऊन प्रतिजैविकांच्या वापराला शिस्त लावण्याचा जाहीरनामा काढला, यावरून दुखणे खरे होते हे दिसते. इंग्लंडमधील तो प्रश्न आणि ती स्वतंत्र खोली यांच्या मागे ही पार्श्वभूमी आहे.

या बाबतीत ज्या देशाचे उदाहरण नेहमी दिले जाते, तो म्हणजे नेदरलँड्स. तेथील रुग्णालयांनी १९८०च्या दशकापासून एमआरएसएसाठी जे धोरण चालवले, त्याचे नाव 'शोधा आणि नष्ट करा'. दाखल होणाऱ्या प्रत्येकाची तपासणी ते करीत नाहीत. प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारतात. नुकतेच परदेशी रुग्णालयात राहून आलेला रुग्ण, पूर्वी वाहक ठरलेला रुग्ण आणि जिवंत डुकरे किंवा वासरे पाळण्याच्या धंद्यातील माणूस हे अधिक जोखमीचे मानले जातात. अशांना अहवाल येईपर्यंत स्वतंत्र खोलीत ठेवतात. वाहक ठरल्यास बहुधा पाच दिवस नाकात मलम आणि जंतुनाशक द्रव्याने स्नान असा उपचार करतात. एखाद्या परिचारिकेचा अशा रुग्णाशी पुरेशी काळजी न घेता संपर्क आला तर तिचीही तपासणी होते, आणि ती वाहक ठरली तर बरी होईपर्यंत तिला रुग्णसेवेपासून दूर ठेवतात. म्हणजे नियम डच शेतकऱ्याला लागू आहे, डच परिचारिकेला लागू आहे आणि मुंबईहून आलेल्या आजींनाही लागू आहे. मुलीच्या रडण्याला उत्तर एवढेच होते, की प्रश्न वर्णाचा वा देशाचा नव्हता, जोखमीचा होता.

बँकेतील माणसाला हे लवकर पटते. खाते उघडताना आम्ही प्रत्येकाकडून केवायसीचे कागद घेतो, पण प्रत्येक खातेदाराची सखोल चौकशी करीत नाही. जोखमीप्रमाणे वर्ग पाडतो आणि जेथे जोखीम अधिक तेथे अधिक बारकाईने पाहतो. नामांकित पेढीच्या मालकालाही पॅन कार्ड मागितले म्हणून त्याचा अपमान होत नाही.

तपासणी जितकी अधिक तितके चांगले, असेही मात्र नाही. इंग्लंडने हा धडा हिशेब मांडून घेतला. एमआरएसएमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट तेथील सरकारने २००४ मध्ये ठेवले. एप्रिल २००९ पासून नियोजित उपचारांसाठी येणाऱ्या सर्व रुग्णांची आणि २०१०च्या अखेरपर्यंत तातडीने दाखल होणाऱ्यांचीही तपासणी सुरू झाली. मग या खर्चाचे परीक्षण झाले. दाखल होणाऱ्यांपैकी जेमतेम दीड टक्का लोक वाहक निघत होते आणि त्यासाठी सर्वांच्या नाकात काडी घालण्याचा खर्च परवडणारा नव्हता. २०१४ मध्ये धोरण बदलून अतिजोखमीचे विभाग आणि पूर्वीचे वाहक यांवर लक्ष केंद्रित करण्यात आले. चालू असलेली सरकारी योजना आकडे पाहून आटोपशीर करणे हे आपल्याकडे क्वचित घडते, म्हणून मला हे विशेष वाटले.

अमेरिकेत ४३ रुग्णालयांच्या ७४ अतिदक्षता विभागांत ७४ हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी तपासून वाहकांना वेगळे ठेवले, काही ठिकाणी तपासून वाहकांवर उपचारही केले आणि काही ठिकाणी तपासणीविनाच सर्वांना जंतुनाशक स्नान व नाकातील मलम दिले. तिसऱ्या पद्धतीत रक्तातील संसर्गाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले आणि तीच सर्वांत परिणामकारक ठरली. तेव्हा कापसाची काडी ही माहिती देते, संरक्षण देत नाही. अहवालावर 'वाहक' असे लिहून आले आणि पुढे परिचारिकेने दोन खाटांच्या मधे हात धुतले नाहीत, तर तो कागद रद्दीच होय. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचा मृत्युदर अठरा टक्क्यांच्या घरातून दोन टक्क्यांच्या आसपास आला होता. हात धुण्याला आजही पर्याय सापडलेला नाही.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद देशातील मोठ्या रुग्णालयांतून याची माहिती गोळा करते. तिच्या २०२१ च्या अहवालानुसार तपासलेल्या स्टॅफिलोकोकसपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एमआरएसए होते. नेदरलँड्समध्ये रक्ताच्या नमुन्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास राहते. क्लेब्सिएला या आतड्यातील जिवाणूंपैकी इमिपेनेम या कार्बापेनेम औषधाला दाद देणारे २०१६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते, ते २०२१ मध्ये सुमारे ४३ टक्क्यांवर आले. वाहक इतके अधिक असताना प्रत्येकाला स्वतंत्र खोली देणे कोणत्याही भारतीय रुग्णालयाला शक्य नाही. पण दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून हलवून आणलेल्या रुग्णाची तपासणी करणे आणि अहवाल येईपर्यंत त्याला शेवटच्या खाटेवर, वेगळ्या परिचारिकेच्या देखरेखीखाली ठेवणे शक्य आहे. तेवढेही अनेक ठिकाणी होत नाही. त्यात माझाही हात आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर खजिनदार होतो. एका अंदाजपत्रकात डॉक्टरांनी तीन बाबी मागितल्या होत्या : अर्धवेळ सूक्ष्मजीवतज्ज्ञाचे मानधन, संसर्ग-नियंत्रणासाठी एक स्वतंत्र परिचारिका आणि बाहेरून हलवून आणलेल्या रुग्णांच्या स्वॅब-तपासणीचा खर्च. ज्यातून उत्पन्न नाही तो खर्च पुढील वर्षी पाहू, असे म्हणून मी त्या तिन्ही बाबी स्वतःच्या हाताने खोडल्या. त्याच सभेत प्रवेश-दालनाच्या ग्रॅनाइटला मंजुरी मिळाली, कारण त्यासाठी दाते होते आणि त्यांच्या नावाची पाटी तेथे लागणार होती. काही महिन्यांनी दुसरीकडून आणलेल्या एका रुग्णात असाच दाद न देणारा जिवाणू निघाला. तोपर्यंत तो सहा दिवस सर्वांमध्ये होता. शेजारच्या दोघांना तोच संसर्ग झाला. त्यांपैकी एक घरी परतला नाही. जिवाणू त्या पहिल्याच रुग्णाकडून आला, हे सिद्ध करणारी तपासणीही आमच्याकडे नव्हती, म्हणून कोणी कोणाला दोष दिला नाही. मी मात्र त्या अंदाजपत्रकाची प्रत जपून ठेवली आहे. पुढील वर्षी तिन्ही बाबी मंजूर झाल्या. त्यांना दाते मिळाले नाहीत, ठेवींच्या व्याजातून तरतूद करावी लागली.

आपला समाज रुग्णालयांना सढळ हाताने देतो. औषधदान हे आपल्याकडे दानाच्या चार प्रकारांत गणले आहे. माझी विनंती इतकीच, की पुढच्या वेळी देणगी देताना वॉर्डाच्या पाटीऐवजी हात धुण्याची बेसिने, दोन स्वतंत्र खोल्या, प्रयोगशाळेचे उपकरण किंवा त्या परिचारिकेचा वर्षाचा पगार यांसाठी द्यावी. आपण विश्वस्त असाल तर डॉक्टरांना विचारावे : आपल्याकडे कल्चरचा अहवाल किती तासांत येतो? बाहेरून आलेल्या रुग्णाची तपासणी होते का? संसर्गाच्या नोंदी कोण ठेवतो? उत्तर मिळाले नाही, तर तेच उत्तर समजावे.

एका श्रावकबंधूंनी मला विचारले होते, की जिवाणू मारणारी औषधे घेणे आपल्या अहिंसेत कसे बसते? प्राणरक्षणासाठी वैद्याने दिलेल्या औषधाविषयी मी बोलणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण साध्या सर्दीला, विषाणूमुळे आलेल्या तापाला, दुकानातून स्वतः मागून घेतलेल्या कॅप्सूलविषयी बोलता येईल. त्या कॅप्सूलने सर्दी बरी होत नाही. शरीरातील निरुपद्रवी सूक्ष्म जीव मात्र मोठ्या संख्येने मरतात आणि जे चिवट तेच उरून वाढतात. प्रयोजनावाचून केलेल्या अशा हानीला आपल्या परंपरेत अनर्थदंड हे नाव आहे आणि त्यापासून विरत होणे हे श्रावकाचे गुणव्रत आहे. आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यातील औषध विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव व औषधाची मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. वहीखात्यावर ज्यांची पिढ्यानपिढ्या श्रद्धा आहे, त्यांना ही एक वही जड वाटू नये.

राहता राहिला तो कागद. दोन दिवसांनी मी स्नेह्यांना फोन केला आणि म्हणालो, "दाखवा." माझे कारण धंद्यातलेच होते. दुसऱ्या बँकेचे कर्ज लपवून आमच्याकडे येणारा ऋणको आम्हाला जितका बुडवतो, तितका जुनी थकबाकी आधीच सांगणारा कधी बुडवीत नाही. सांगणाऱ्याशी व्यवहाराची अट ठरवता येते. शिवाय हा कागद आईंच्याही हिताचा होता. उद्या जखमेत संसर्ग झालाच, तर कोणती औषधे चालणार नाहीत आणि कोणते चालेल, हे डॉक्टरांना पहिल्या तासातच कळले असते. नाहीतर चाचपडण्यात दोन-तीन दिवस गेले असते. आतड्यातील असा जिवाणू औषधाने हटकून घालवता येत नाही. काही महिन्यांत तो बहुधा आपोआप कमी होतो, तोवर जपणे एवढेच हाती असते. आणि घरात वेगळे ताट, वेगळे अंथरूण करण्याचे कारण नाही. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे पुरे, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मी त्यांना मुद्दाम कळवले. सूनबाईंनी सासूबाईंना स्वयंपाकघरात येऊ देणे थांबवले होते, हे तेव्हा मला समजले.

त्यांनी कागद दाखवला. पहिल्या रुग्णालयाने खाट रिकामी नसल्याचे सांगितले. खरे कारण काय ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तो वाचला, आभार मानले, नव्याने नमुना घेतला आणि आईंचे नाव त्या दिवसाच्या शस्त्रक्रियांच्या यादीत सर्वांत शेवटी ठेवले, म्हणजे त्यांच्यानंतर शस्त्रक्रियागृह पूर्ण स्वच्छ करता यावे. भेटायला दोघांहून अधिकांनी येऊ नये, खाटेवर बसू नये, आत जाताना व बाहेर पडताना हात धुवावेत, असे घरच्यांना सांगितले गेले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गाडीभर माणसे जातात. यावेळी आम्ही फोनवरच विचारपूस केली. चौथ्या दिवशी आई घरी आल्या.

परवा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चहा आईंनीच केला होता. औषधांच्या फाइलीत तो इंग्लंडचा कागद सर्वांत वर लावलेला होता.